सोवळं आणि समुद्र

लहानपणी आजीच्या सोवळ्याला मी फार हसायचे. ती धाबळी नेसून स्वयंपाकाला उभी राहिली की आम्ही पोरं मुद्दाम ‘शिवू का, शिवू का’ करत तिच्याभोवती नाचायचो आणि ती पळी उगारायची. आता माझ्या पर्समध्ये सॅनिटायझर, ओले वाइप्स आणि सुटे मास्क असतात, आणि नवरा बाहेरून आला की हात पुढे करून विचारतो, ‘शिवू का?’

तर या नवऱ्यानेच बाणावलीला, म्हणजे दक्षिण गोव्यात, चार दिवसांचं रिसॉर्ट बुक केलं. मी बॅग भरली. दोन चादरी, चार अभ्रे, बाथरूमच्या स्लिपर आणि घरचा लाल प्लॅस्टिकचा मग. ‘अगं मग कशाला, शॉवर आहे ना तिथे!’ तो म्हणाला. शॉवरचा नळ कुणाकुणाच्या हाताने फिरलाय ते काय लिहिलेलं असतं का त्याच्यावर?

रूम उघडल्या उघडल्या नवरा आणि लेक बाल्कनीत पळाले, समुद्र दिसतो म्हणून, आणि मी पहिला टीव्हीचा रिमोट धरला. पुसला, परत पुसला, तरी समाधान होईना, शेवटी बाथरूममध्ये फुकट ठेवलेली शॉवर कॅप त्याला घालून टाकली. लेक म्हणाली, ‘आई, रिमोटची आंघोळ आहे का?’ मग स्विच, दारांच्या मुठी, फोन, फ्रिजचं हँडल. तासाभराने मी बाल्कनीत गेले तेव्हा सूर्य बुडाला होता.

स्विमिंग पूलला मात्र मी खूश झाले, कारण लांबूनच क्लोरिनचा सणसणीत वास येत होता. म्हटलं, वा, लोक काळजी घेतायत! चांगली अर्धा तास डुंबले. रात्री सहज मोबाईलवर वाचलं तर तो वास नुसत्या क्लोरिनचा नसतोच म्हणे, क्लोरिनची गाठ लोकांच्या घामाशी आणि, कसं सांगू, लघवीशी पडली की क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा असतो. म्हणजे पूल जितका ‘स्वच्छ’ वासाचा तितकी गर्दी कामाला लागलेली. रात्री अकरा वाजता मी लाल मगाने परत आंघोळ केली. नवरा झोपेतसुद्धा हसत होता, मला ऐकू आलं.

सकाळी तो सायकलवरच्या पोदेराकडून, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडून, गरम पोई घेऊन आला. ज्या हाताने नोटा घेतल्या त्याच हाताने पोदेराने पोई दिली हे मी खिडकीतून बघितलेलं. आता रूममध्ये गॅस कुठला, मग मी कपाटातली इस्त्री काढली आणि पोई दोन्ही बाजूंनी खरपूस इस्त्री केली. चव छान लागली हो, पण अर्धी खाऊन झाल्यावर डोक्यात आलं की ही इस्त्री आधी कशाकशावर फिरली असेल.

बीचवर तर माझं शास्त्रच संपलं. अंगाला सनस्क्रीन, त्यावर वाळू, त्यावर सॅनिटायझर, म्हणजे हाताला चक्क पॉलिश पेपर. आणि चिकट, मळलेल्या हातावर सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं, हे मीच जगाला सांगत फिरते. म्हटलं निदान शहाळं पिऊ, आतलं पाणी निसर्गानेच सील केलेलं, माणसाचा हात नाही. शहाळेवाल्याने कोयत्याने झकास तोंड उघडलं, स्ट्रॉ काढली, तिला धूळ दिसली म्हणून बिचाऱ्याने प्रेमाने फुंकर मारली, आणि मग आत घातली.

तिसऱ्या दिवशी सॅनिटायझर संपलं. नवऱ्याने लगेच काजूच्या फेणीची बाटली पुढे केली. मी लेबल वाचलं, 42 टक्के! हाताला किमान 60 टक्के अल्कोहोल लागतं, 42 ने काय होणार. ‘मग पोटात घे,’ तो म्हणाला, ‘आतले तरी गुंगतील.’ वास इतका भयंकर की मला वाटलं याने जंतूच काय पालीही मरतील, पण लिंबू, मीठ आणि लिम्का घालून घेतली एकदा. मग दुसऱ्यांदा. ग्लास कुणाचा होता ते मी विचारलं नाही असं नवऱ्याचं म्हणणं आहे, मला आठवत नाही. लेकीने वाळूत पडलेला शिंपला चाटून ‘खारट!’ असा निकाल दिला तेव्हा मी नुसतं ‘हो का’ म्हटलं, एवढं आठवतं.

निघायच्या दिवशी सकाळी रूम साफ करणारा मुलगा आला. तोपर्यंत सवयीने मी चादरी घडी केल्या होत्या, आरसा पुसला होता, कमोडवर दोनदा लिक्विड फिरवलं होतं आणि कचऱ्याची पिशवी गाठ मारून दाराशी ठेवली होती. त्याने आत बघितलं, बाथरूममध्ये डोकावला, कोपऱ्यातला लाल मग बघितला आणि एकदम आपलेपणाने विचारलं, ‘मॅडम, तुम्ही पण आमच्याच लायनीत का? कुठल्या हॉटेलात?’