स्टॅम्पवरचं हक्कसोड आणि सातबाऱ्यावरच्या आत्या

वडील गेल्यावर विकास सोसायटीच्या पीककर्जासाठी सातबारा काढला, तर वडिलांच्या नावाखाली दोन्ही आत्यांची नावं तशीच. घरात मात्र सगळे निर्धास्त होते. लोखंडी पेटीत शंभराच्या स्टॅम्पवरचं हक्कसोडपत्र होतं. आजोबांच्या वर्षश्राद्धानंतर आत्यांनी करून दिलेलं. खाली सह्या, नोटरीचा गोल शिक्का, तिकीट, नोटरीच्या रजिस्टरचा अनुक्रमांक. कागद इतका रुबाबदार की कुणालाही वाटावं, काम पक्कं.

तलाठी भाऊसाहेबांनी (हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी झाला, पण गावाला त्याचं काय?) तो उलटून पाहिला आणि विचारलं, "दस्त रजिस्टर आहे का? नाही? मग फेरफार कशावर धरू?" फेरफार म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद.

तालुक्याच्या वकिलांनी पुढचं समजावलं. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो, नोंदणी कायदा 1908, कलम 17. न नोंदवलेल्या दस्ताने हक्क सरकत नाही, कलम 49. आणि दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे (रजिस्ट्री कचेरीत) हजर करायचा असतो, म्हणजे पेटीतला कागद आता नोंदवूनही घेता येणार नव्हता. नोटरी फक्त एवढंच सांगतो की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. जमीन कुणाची, हे ठरवणं त्याचं काम नाही. आमच्याकडे गावोगाव असे कागद पेट्यांत पडून आहेत आणि प्लॉटसुद्धा अजून "नोटरी करून" विकले जातात, वर स्वस्तात काम झालं म्हणून पेढे.

आमची अडचण दुहेरी होती. धाकटी आत्या सुरतेतल्या उधन्याला असायची, ती मधल्या काळात वारली. तिचे यजमान त्याआधीच गेलेले. म्हणजे आधी तिच्या दोन मुलांची आणि मुलीची वारस नोंद, सोबत वडिलांच्या जागी आईची आणि माझी, आणि मगच हक्कसोड. मेलेल्या माणसाचा हक्क परस्पर कुणाला सोडता येत नाही.

वारस नोंदीला मृत्यूचे दाखले, अर्ज आणि वंशावळीसह प्रतिज्ञापत्र लागलं. इथे नोटरी खरा कामाला आला. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली त्यांचं टेबल. आईचं आधार कार्ड मूळ मागितलं, झेरॉक्स बाजूला सारली. मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवला, रजिस्टरात सही घेतली, मग शिक्का मारला. शेजारी एकजण भावाच्या वतीने कागद घेऊन आला होता. "भाऊ कुठे?" "पुण्याला." "मग तो आला की या." असा नोटरी मिळणं हे नशीबच, कारण माणूस न बघता शिक्का देणारेही आहेत आणि असे शिक्के पुढे कोर्टात उघडे पडतात. एक जाता जाता: सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी स्टॅम्पवाल्यांपाशी रांग असतेच.

सुरतेच्या आतेभावांचं म्हणणं, आम्ही तिकडे नोटरीकडून मुखत्यारपत्र करून पाठवतो, तुम्हीच उरका. वकील नाही म्हणाले. दस्त नोंदणीला हजर करण्यासाठीचं मुखत्यारपत्र, देणारा भारतात राहत असेल तर, त्याच्या भागातल्या निबंधकासमोरच करावं लागतं, कलम 33. तिकडच्या रजिस्ट्रीत खेपा घालण्यापेक्षा इकडे आलेलं बरं. मग आखाजी (अक्षय्य तृतीया) धरली. आखाजीला माहेरवाशिणी येतातच, यंदा आतेभाऊही आले.

त्यात सुरतेची आतेबहीण म्हणाली, "दादा, मी सही करणार नाही. आईचं नाव कुठेतरी राहू दे." घरात कुजबुज झाली, पुरणाच्या मांड्यांची चव थोडी गेली. मला तिचं पटलं. हिशेबाने तिचा नववा हिस्सा, तो तिचाच. ओढून-ताणून घेतलेली सही मला नको होती. दस्तातून तिला वगळलं आणि मोठी आत्या व दोन्ही आतेभाऊ एवढ्यांचंच हक्कसोड लिहिलं.

वडिलोपार्जित मिळकतीचं, मोबदला न घेता, जवळच्या नात्यातलं हक्कसोड असेल तर मुद्रांक 500 रुपये. ऑक्टोबर 2024 आधी तो 200 होता. शिवाय पानामागे दस्त हाताळणी शुल्क. डेटा एन्ट्री आधीच ऑनलाइन करून घेतली, तरी निबंधक कार्यालयात सर्व्हर बसला आणि सगळे बाकावर शेंगा खात बसून राहिलो.

नंबर लागला तेव्हा मोठ्या आत्याचा अंगठाच उमटेना. जन्मभर निंदणी-वेचणी केलेले हात, रेषा झिजून गुळगुळीत. ऑपरेटरने ओल्या फडक्याने बोट पुसलं, दुसरं बोट घेतलं, परत अंगठा. एकदाचा हिरवा दिवा लागला. दोन ओळखदारांच्या सह्या झाल्यावर साहेबांनी विचारलं, "आजी, राजीखुशीने सोडता ना?"

"हा भाऊ, राजीखुशीनं देस." मग माझ्याकडे वळून, "आखाजीले मातर बलावाले इसरू नका."

साहेबही हसले.

दस्त आणि सूची क्रमांक दोन (नोंदणीचा उतारा) हातात आल्यावर फेरफार तलाठ्याकडे आपोआप गेला. नमुना नऊची नोटीस सगळ्या हितसंबंधितांना निघते, आतेबहिणीलाही सुरतेला गेली. हरकतीची पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. नव्या सातबाऱ्यावर आई, मी आणि आतेबहीण. सोसायटीत कर्जाच्या कागदावर तिची संमती लागली, ती तिने दिली.

गावठाणातलं घर सातबाऱ्यावर येत नाही, ते ग्रामपंचायतीच्या नमुना आठला असतं. दस्तात शेताच्या गटासोबत घराचाही मिळकत क्रमांक आणि चतु:सीमा लिहून घेतल्या होत्या, पण तिथली नोंद आपोआप होत नाही. त्यासाठी दस्ताची प्रत जोडून वेगळा अर्ज दिलाय. तो मासिक सभेपुढे ठेवणार आहेत.