चार तंतू आणि थोडी तार

गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून मासा फसवणारे नकली किडे बांधायचा मला नाद आहे. त्यासाठीचा हा सोळा नंबरचा गळ. नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हा उलटा हिशोब अंगवळणी पडायला मला अख्खा हंगाम लागला. व्हाइसमध्ये, म्हणजे गळ घट्ट धरणाऱ्या छोट्या शिकंज्यात, तो अडकवायचा म्हणजे आधी चष्मा शोधायचा, मग टेबलावरून घरंगळलेला गळ शोधायचा. दुसरं काम अनवाणी करू नये.

निंफ म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या किड्याची अळी, आणि तिची गळावरची नक्कलही. पहिली निंफ बांधली ती मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळीचं मोठं केलेलं चित्र समोर ठेवून. चित्रात सहा पाय, म्हणून मीही सहा पाय बांधले. पोटाच्या कडेला कल्ले, म्हणून पिसांची झालर. वर डोळे. दोन तास खपून असा काही ऐवज तयार झाला की काचेच्या कपाटात ठेवावा. पाण्यात मात्र तिसऱ्या फेकीला पाय सुटले, पाचव्या फेकीला दोरा सुटला. ट्राउट मासा ढुंकूनही बघायला आला नाही.

मग फ्रँक सॉयरची निंफ हाती लागली. हा इंग्लंडमध्ये विल्टशायरच्या एव्हन नदीची राखण करायचा. नोकरीच पाण्याकडे बघत राहायची, त्यामुळे त्याला दिसलं ते आमच्यासारख्या रविवारच्या मंडळींना दिसणं शक्य नव्हतं. खरी निंफ पोहताना पाय अंगाशी घट्ट चिकटवून घेते. दिसतच नाहीत, तर बांधायचे कशाला? त्याने पाय गाळले. पुढे जाऊन दोराही गाळला. 1958 साली पुस्तकातून त्याने ही निंफ मांडली, तिचं साहित्य दोनच: फेझंट कोंबड्याच्या शेपटीचं पीस आणि केसासारखी बारीक तांब्याची तार.

तार आधी गळाच्या दांडीवर गुंडाळायची आणि पुढच्या भागात, छातीच्या जागी, तिचाच उंचवटा करायचा. याच वजनाने निंफ बुडते. मग पिसाचे चार तंतू घ्यायचे, त्यांची टोकं मागे शेपट्या म्हणून सोडायची. खऱ्या निंफला बहुधा तीन असतात, काहींना दोन. चौथी माशाने अजून मोजलेली नाही. आता तंतू आणि तार एकत्र पिळून पुढे गुंडाळत न्यायचं. इथे पिसाची खरी गंमत कळते. त्या तंतूंना बारीक लव असते. पाण्यात ती हलली की मी झालर लावून जे साधू पाहत होतो ते कल्ले फुकटात मिळतात, आणि भिजलेल्या तपकिरीतून तांबं चमकतं. शेवटी तंतू छातीवरून मागे, पुढे असे दुमडले की पंखांची पिशवी, म्हणजे अळीच्या पाठीवरचा पंख दडलेला फुगवटा, तयार. तारेचे चार वेढे, संपलं.

संपलं म्हणायचं, पण गळाच्या नेढ्याजवळ जागा उरलेली नसते. दर वेळी ठरवतो, दर वेळी तिथे गर्दी होते, आणि मग नदीकाठी गार पडलेल्या बोटांनी त्या बुजलेल्या नेढ्यात नायलॉनची दोरी ओवताना स्वतःलाच शिव्या घालतो. तार जोरात ओढली तर अगदी शेवटच्या वेढ्याला तुटते, ते वेगळंच.

एके काळी असलं काही पाण्याखाली सोडणं ही लबाडी मानत. इंग्लंडमधल्या खडूच्या दगडातून वाहणाऱ्या नद्यांवर गळाची नकली माशी तरंगतीच हवी, असा सोवळेपणा होता. 1938 साली नकली माशीने मासे धरणाऱ्यांच्या लंडनमधल्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वाद झडला, आणि निंफची बाजू घेऊन निंफ-मासेमारीचे जुने पुरस्कर्ते, ऐंशीला टेकलेले स्क्यूज उभे राहिले. मला सोवळ्यांचं नवल वाटतं. मेफ्लाय तिचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखालीच काढते, बऱ्याच जातींत वर्षभर. दगडाखाली चरते, पुन्हा पुन्हा कात टाकते. पंख फुटले की उरतात काही तास, फार तर एखाद-दोन दिवस. तेवढ्यासाठी तिला चालतं तोंडही नसतं. खायचंच नाही, तर हवं कशाला? म्हणजे गाळण्यात ती सॉयरच्याही पुढे.

आता मी एका बैठकीत सहा निंफा बांधतो. पाण्यात सोडतो, माशाजवळ आल्या की काठी हलकेच उचलतो. निंफ वर निघाल्यासारखी दिसते, आणि कधीकधी ट्राउटला राहवत नाही.

ती पहिली अजून डबीच्या कोपऱ्यात आहे. सहापैकी दोन पाय उरलेत. परवा कात्री हातात असताना तेही छाटावेत असं फार वाटलं.