कूपरेजच्या जाळीपाशी

वानखेडेवर मी बरेच सामने पाहिलेत. पण खेळाडूला धापा टाकताना ऐकलं ते फक्त कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. तिथे सकाळ-संध्याकाळ क्रिकेटच. फुटबॉलचं वेड होतं एकट्या मामाला. तो फोर्टात नोकरीला होता आणि रोव्हर्स कप सुरू झाला की रजा टाकून सामने बघायचा. एकदा आईला म्हणाला, "ताई, आज पोराला घेऊन जातो गं," आणि आम्ही निघालो. करी रोड जवळ असूनही मला चालवत लोअर परळला नेलं, कारण त्याला चर्चगेटलाच उतरायचं होतं. व्हीटीहून फोर्ट ओलांडत जाणं त्याला पटायचं नाही. मॅचला जायचं तर ओव्हलच्या कडेनंच, असा त्याचा नेम.

आणि काय रस्ता होता तो! डावीकडे ओव्हल, ताडांची रांग, पलीकडे राजाबाई टॉवर. मैदानात एकमेकांत घुसलेले क्रिकेटचे कितीतरी सामने. माझे पाय तिथेच रेंगाळत होते, पण मामा हात सोडेना. "ते रोजचंच आहे रे, चल." चालता चालता तो सांगत राहिला: रोव्हर्स कप 1891 पासूनचा, सुरुवातीला सगळा गोऱ्या पलटणींचा कारभार, 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सनी तो पहिल्यांदा भारतीय संघाकडे आणला. मग हैदराबाद सिटी पोलिस, 1950 ते 1954 सलग पाच वेळा. आणि नेव्हिल डिसूझा! 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा, आपल्या मुंबईचा. हे नाव घेताना मामाचा आवाज चढायचा. त्या वेळी भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता, हे चाळीत दुसऱ्या कोणाकडून मी कधीच ऐकलं नव्हतं.

सामना कलकत्त्याच्या मोहन बागानचा होता, समोर मुंबईतल्या एका कंपनीचा संघ. गॅलरी भरलेली, म्हणून आम्ही कॉर्नरजवळच्या जाळीला चिकटून उभे राहिलो. आजूबाजूला नोकरीनिमित्त मुंबईत आलेली बंगाली मंडळी, त्यांच्यात धोतर नेसलेले एक आजोबा. बॉल बाहेर गेला की आजोबा डोळे मिटून घेत.

दुसऱ्या हाफमध्ये थ्रो-इन आमच्यासमोर मिळाला. मोहन बागानचा एक बॅक, म्हणजे बचाव फळीतला खेळाडू, धावत आला. हातभर अंतरावर होता तो. गुडघा सोलवटलेला, रक्तावर माती बसलेली, मोजा घोट्यापर्यंत उतरलेला. अंगाला मलमाचा उग्र वास. त्याने बॉल जर्सीवर पुसला, एकदा, दोनदा, आणि कोणी मोकळं आहे का ते शोधत उभा राहिला. त्याच्या छातीचा भाता मला ऐकू येत होता. आजोबा त्याला बंगालीत हळूच काहीतरी म्हणाले. त्याने मान वळवली नाही, पण हलवली मात्र. मग बॉल डोक्यामागे नेऊन असा फेकला की त्याच्या तोंडून 'हं' निघाला आणि मी जाळी घट्ट पकडली. एवढा मोठा माणूस एका बॉलसाठी इतका जीव तोडून खेळतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

जिंकलं कोण, ते आठवत नाही. परतीच्या गाडीत झोपलो असणार.

पुढे मामाबरोबर नेहमी जायला लागलो. पावसाळ्यात मुंबईतल्या क्लबांची हारवूड लीग असायची, चिखलात बॉल रुतायचा, आमच्या चपलासुद्धा. पण रोव्हर्स कप 2000-01 नंतर झालाच नाही. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकून मुंबईची मान उंचावली आणि 2010 मध्ये तो संघही बंद झाला.

परवा मुलीला घेऊन कूपरेजला गेलो. ती शाळेच्या टीममध्ये गोलकीपर आहे. चर्चगेट ते मैदान, अजूनही तीच वाट आणि मला तरी ती शहरातली सर्वांत सुंदर वाट वाटते. मैदानावर आता कृत्रिम गवत आहे. चिखल नाही, पाणी साचत नाही, पोरांना बारा महिने खेळता येतं, हे मला मान्य. मुलीला ते आवडलं, ती वाकून हातानं चाचपून आली. पण प्रेक्षक? खेळणाऱ्यांचे आईबाप आणि आम्ही. एवढ्या मोक्याच्या जागी, मंत्रालयापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, शनिवारी संध्याकाळी गॅलरी रिकामी असावी याचा मला फार राग आला.

फुटबॉलचाच ड्युरँड कप 1888 चा, कलकत्त्याची आयएफए शील्ड 1893 ची. दोन्ही आजही खेळल्या जातात. त्यांच्याच पिढीतली तिसरी स्पर्धा, रोव्हर्स कप, आपल्या मुंबईची, आणि ती तेवढी आपण जाऊ दिली. मुलीनं गाडीत विचारलं, "पुन्हा सुरू नाही का करता येणार?" मी तिला म्हटलं, करता यायलाच हवी. सुरू झाली तर पहिल्या दिवशी ऑफिसला दांडी मारून तिला घेऊन जाणार आहे, आणि गॅलरीत जागा असली तरी आम्ही जाळीपाशीच उभे राहणार आहोत.