हत्राला टँकर लेट झाला तो दिवस

मोसुलच्या दक्षिणेला ट्रान्समिशन लाईनचा सर्व्हे चालू होता आमचा आणि त्या दिवशी नेमकं अल-हद्रच्या बाजूला काम होतं, म्हणजे जुनं हत्रा, इराकमधलं प्राचीन शहर, आता नुसते अवशेष. सकाळीच कळलं पाण्याचा टँकर वाटेत बंद पडलाय. ऊन असलं की टोटल स्टेशनला (मोजणीचं यंत्र) हात लावला तर चटका बसतोय, सुरुंग काढलेल्या पट्ट्याबाहेर पाय टाकायचा नाही, आणि माशा! चहा तोंडाला लावेपर्यंत एखादी आत पडलेलीच.

दुपारी काम ठप्पच झालं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, चला मुहंदिस (म्हणजे इंजिनिअर), आत फिरवून आणतो.

शहर गोल आहे, जवळपास दोन किलोमीटर व्यास, दुहेरी तट, बुरूज दीडशेच्या वर, आणि मधोमध देवळांचं आवार, मुख्य देव शमश म्हणजे सूर्य. उंटांच्या काफिल्यांच्या जिवावर श्रीमंत झालेलं गाव हे. इथलेच भिंतीतले दगडी चेहरे आयसिसवाल्यांनी घण आणि बंदुकांनी फोडले, 2015 चा तो व्हिडिओ बघितला असेल तुम्ही. 2017 ला त्यांना हुसकावल्यावर इटालियन टीमने इराकी लोकांसोबत त्यातले काही परत बसवलेत. जवळून बघितलं की सांधे कळतात, आणि मला तर ते तसेच बरे वाटले.

पण माझं डोकं पाण्यातच अडकलेलं. 117 मध्ये रोमचा सम्राट ट्रेजन वेढा घालून हात हलवत परत गेला, नंतर सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने दोनदा ट्राय केलं तेही फसलं, तटावरून पेटता नाफ्था, म्हणजे जमिनीतलं ज्वलनशील तेल, अंगावर यायचा म्हणे. सगळे तटबंदीचं कौतुक करतात. पण रोमन इतिहासकार कॅशियस डिओने ट्रेजनच्या वेढ्याबद्दल लिहिलंय की इथे पाणी थोडं आणि तेही खराब, लाकूड नाही, चारा नाही, आणि जेवणावर माशाच माशा. हे आधी वाचलं तेव्हा हरलेल्यांची रडगाणी वाटलेली. आत विहिरी आणि बाहेर हे असलं माळरान, एवढ्या फौजेला, घोड्यांना पाणी आणणार कुठून? आमची तर जेमतेम एक टीम होती.

शेवटी 240-41 च्या सुमारास सासानी इराण्यांनी शहर घेतलं. ड्रायव्हरचं म्हणणं, राजाची पोरगी शत्रूच्या प्रेमात पडली आणि तिनेच घात केला, अरबांमध्ये ही गोष्ट फार जुनी आहे. त्याने सांगितली पण अशी रंगवून की जणू स्वतः तिथे हजर होता. मला काही पटली नाही. सासान्यांचं राज्य इथून जवळ, त्यांची रसद पोचत राहिली असणार एवढंच. तसं बोललो तर भडकला ना राव, टँकर येईपर्यंत वाद घालत होता.