तुम्ही विचारलंत म्हणून: जेमतेम वर्षभर जगणारे मासे कशाला पाळायचे?

माझ्या टाकीतल्या झांझिबारच्या किलीफिशकडे, म्हणजे नोथोब्रँकियस गुंथेरीकडे, पाहून प्रत्येक जण हेच विचारतो, आणि पूर्वी मी नराच्या लाल शेपटीकडे बोट दाखवून विषय संपवत असे. पुढे उत्तर बदलले: मूळ प्रदेशातली पावसाळी डबकी आटतातच, तेव्हा आयुष्य आखूड आहे हा काही माझा दोष नव्हे. ते उत्तरही लंगडेच होते, कारण माझ्या टाकीतले पाणी आटत नाही आणि मासे तरीही म्हातारे होतात.

खरे तर हा प्रश्न मला बोचतो तो एका पिशवीमुळे. शेवटच्या जोडीने पीटमध्ये, म्हणजे डबक्यातल्या चिखलाऐवजी टाकीत ठेवतात त्या कुजक्या शेवाळाच्या भुग्यात, घातलेली अंडी मी ते पीट पिळून, दमट ठेवून, तारीख लिहून पिशवीत बंद केली होती. इकडे नराचा रंग उतरत चालला होता, आणि त्या धास्तीने बारा आठवडे भरताच, अंड्यांत डोळे दिसू लागले आहेत का, म्हणजे पिल्ले तयार आहेत का, हे भिंगातून न पाहताच, अंडी फुटावीत म्हणून मी पीटवर गार पाणी ओतले. अकरा पिल्ले निघाली. त्यांतल्या सातांच्या पोटातली हवेची पिशवी भरलीच नाही. ती तळाशी सरपटत राहिली, आणि उरलेली चारही आठवडाभरात गेली. अंडीच नासकी होती असे स्वतःला बजावून मी ते पीट एका कुंडीत रिकामे केले.

सगळी अंडी एकाच भिजवणीत फुटत नाहीत, हे मी तोपर्यंत वाचलेले होते. पहिल्या सरीनंतर पाऊस दडी मारू शकतो, म्हणून काही भ्रूण वाढ थांबवून पुढच्या पाण्याची वाट पाहतात; पीट पुन्हा सुकवून ठेवले असते तर कदाचित वंश टिकला असता. त्या कुंडीला मी पुढे कित्येक दिवस नेमाने पाणी घालत होतो.

त्या वेळच्या मला घाई नडली असे म्हणावे, तर तो विचारेल की नर मरेपर्यंत थांबायचे होते का, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. सध्या कपाटात, दुसऱ्याकडून मिळालेल्या जोडीची एक पिशवी आहे. तारीख उलटून गेली आहे, भिंगातून डोळे स्पष्ट दिसतात, आणि मी अजून पाणी ओतलेले नाही.