उभा चढ, तिरके रूळ

नेरळच्या घाटात मी पडलो तेव्हा सायकलचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या वर नसावा. "एवढ्या हळू चालवूनही पडता येतं, हे आज कळलं मामा," असं भाचा नंतर म्हणाला. मी काही बोललो नाही. माथेरानला सायकलने जायची कल्पना माझीच होती, आणि आदल्या रात्री "घाट काय, सात-आठ किलोमीटरचा तर आहे" हे वाक्यही माझंच.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. पहाटे पावणेपाचला डोंबिवलीहून निघालो. माझं वय ४८, भाच्याचं २२. त्याची सायकल एका हाताने उचलता येते. माझी हायब्रिड, पुढे तीन आणि मागे सात गिअरची, दणकट आणि थोडी सुस्त. काटई नाक्यावरून बदलापूरच्या रस्त्याला लागलं की पाण्याचे ते अजस्र नळ सोबतीला येतात. रविवारी पहाटे या रस्त्यावर ट्रक कमी आणि कुत्री जास्त. बदलापूर सुटल्यावर हवा एकदम गार झाली. भाताची कापणी होऊन गेलेली, शेतात नुसते खुंट उरलेले, आणि मधूनच झाडांपलीकडून जाणारी कर्जत लोकल. तिच्या उजळ खिडक्या पाहून अर्धा क्षण वाटलं, आपण आत का नाही?

चहाला वांगणीत थांबलो. वांगणी स्टेशन म्हटलं की मला १७ एप्रिल २०२१ चा तो सीसीटीव्हीचा तुकडा आठवतो. अंध आईचं बोट सुटून मूल प्लॅटफॉर्मवरून रुळांवर पडतं, समोरून उद्यान एक्स्प्रेस येतेय, आणि पॉइंट्समन मयूर शेळके रुळांतून गाडीच्या दिशेनेच धावत सुटतात. मुलाला वर ढकलतात, स्वतः चढतात, आणि गाडी निघून जाते. मधे किती सेकंद होते ते मी अनेकदा मोजून पाहिलंय. दरवेळी ते कमीच वाटतात. बक्षिसाचे ५० हजार मिळाले तर त्यातले अर्धे त्यांनी त्या मायलेकरांनाच देऊ केले होते. भाच्याला तो व्हिडिओ माहीत होता, पण तो याच स्टेशनातला हे माहीत नव्हतं. चहाचा कप तसाच हातात धरून तो जरा वेळ स्टेशनच्या दिशेला बघत राहिला.

मग मी त्याला ठाकुर्लीचं फाटक सांगितलं.

आता तिथे पूल झालाय. पण आमच्या लहानपणी डोंबिवलीत पूर्वेकडून पश्चिमेला सायकलने जायचं तर ते फाटक चुकायचं नाही. फाटक पडलेलं असायचं तेच जास्त. मोटारवाले इंजिन बंद करून पेपर वाचायचे. आम्ही शाळकरी पोरं दांड्याखालून सायकल आडवी करून सरकवायचो. सगळेच करायचे. सातवीत होतो. कल्याणकडे जाणारी लोकल समोरून गेली, तिचा शेवटचा डबा सरकला, आणि मी सायकल पुढे ढकलली. मागून कुणीतरी माझं कॅरिअर धरून असं खेचलं की मी सायकलसकट मागे बसलो. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने मेल गेली. लोकलच्या आवाजात तिचा आवाज बुडाला होता, आणि लोकलच्याच आडोशाने ती दिसलीही नव्हती. तोंडावर आलेला तो वारा मला आजही आठवतो: गरम, धुळीचा, ब्रेकच्या जळक्या वासाचा. ज्यांनी खेचलं त्यांनी एक सणसणीत शिवी दिली आणि गर्दीत दिसेनासे झाले. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नाही.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. बाबांनी मारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला त्याच फाटकाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "उभा राहा. गाड्या मोज." तासभर मी मोजत होतो. विसाव्या गाडीनंतर चुकलो. त्या तासात किती वेळा एका गाडीच्या मागे लपून दुसरी आली, तेवढं मात्र नीट लक्षात राहिलं.

भाचा म्हणाला, "आजीने हे कधी सांगितलं नाही." आजी हे सांगत नाही.

नेरळला पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. गरम वडापाव खाल्ला. ही पहिली चूक. चढाच्या तोंडाशी वडा खाऊ नये, तो घाटभर तुमच्याशी बोलत राहतो. दुसरी चूक म्हणजे स्टेशनवर मिनी ट्रेन बघत बसलो. जरा जास्त रेंगाळलं की तासभर उन्हात काढावा लागतो, हे मला कळायला हवं होतं. पण ती गाडी आहेच तशी. दोन फुटी रूळ, बुटके डबे, आणि त्यात मावण्यासाठी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठी माणसं. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी ही लाइन बांधवून घेतली आणि १९०७ मध्ये ती सुरू झाली. २००५ च्या पुराने ती वाहून नेली, दोन वर्षांनी परत आली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मोडली ती २०२२ च्या ऑक्टोबरात पूर्ववत झाली. सह्याद्री तिला दर काही वर्षांनी झटकून टाकतो आणि ती पुन्हा चिकटते.

आता हिशेब. गाडी नेरळहून माथेरानला जायला सुमारे २१ किलोमीटर घेते. जिथे जास्तीत जास्त उभी चढते तिथे चढ वीसात एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. पलीकडे कर्जतहून खंडाळ्याला जाणाऱ्या मोठ्या गाड्यांना सदतीसात एकचा चढ आहे आणि तेवढ्यासाठी त्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. म्हणजे ही छोटी गाडी त्यांच्याहून बरीच उभी चढते. आणि रस्ता? तो बहुतेक तेवढीच उंची सात-आठ किलोमीटरांत उरकतो. सरासरीच अकरात एकच्या आसपास पडते, आणि सरासरी म्हणजे काही वळणं त्याच्या कितीतरी वर. हा हिशेब मी घरी बसून केला असता तर भीमाशंकरला गेलो असतो. नाही, तिथेही घाटच आहे.

पहिल्या किलोमीटरात भाचा दिसेनासा झाला. दुसऱ्यात माझे गिअर संपले. सायकलवाल्यांना हा क्षण ठाऊक असतो: अंगठा गिअरचा खटका दाबत राहतो आणि चेन आधीच मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर जाऊन बसलेली असते. त्यापुढे जे काही आहे ते तुमच्या मांड्यांत. श्वास तोंडाने. घाम चष्म्याच्या काचेवर आतून टपकतो. पुढचं चाक हलकं होऊन उचलायला बघतं, म्हणून छाती हँडलवर टेकवायची, तर मागचं चाक खडीवर घसरतं. माथेरानला प्रवासी नेणाऱ्या टॅक्सी, बहुतेक ओम्नी नाहीतर ईको, पहिल्या गिअरमध्ये किंचाळत बाजूने जातात आणि त्यांच्या धुरात दोन पॅडल आंधळी मारावी लागतात.

मग मी सगळे थकलेले सायकलवाले करतात ते केलं. रस्ता मोकळा दिसला की सरळ न चढता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नागमोडी. अंतर वाढतं, पण चढ थोडा मऊ होतो. बैल चढावर गाडी अशीच तिरकी काढतात.

तर मी असा तिरका चाललेलो असताना रूळ आले. घाटात ही लाइन रस्त्याला मधेमधे छेदून जाते. मी पडलो तिथे फाटक नव्हतं, आणि रूळ रस्त्याला काटकोनात नव्हते, तिरपे होते. त्यात मी माझा वेगळा तिरपा. दोन्ही तिरपे जुळले आणि मी जवळजवळ रुळाला समांतर त्यावर शिरलो.

रस्त्यावरच्या रुळाच्या आतल्या बाजूला एक फट ठेवावी लागते, गाडीच्या चाकाची कड त्यातून जाते. माझा टायर ३५ मिलिमीटरचा. त्या फटीत तो जणू मापाने शिवल्यासारखा बसला. हँडल वळेना. सायकल जागीच थांबली, मी नाही. डावा गुडघा डांबरावर, उजवी पोटरी पॅडलखाली, आणि चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर रुळाचा माथा. वर चकचकीत, बाजूला तपकिरी गंज, आणि फटीत सुकलेली पानं, बारीक खडी, बिस्किटाच्या वेष्टनाचा एक लाल तुकडा.

मागची ओम्नी कचकन थांबली. चालवणारा खाली उतरला. तेवढ्यात खालून, झाडांमधून भोंगा वाजला.

खरं सांगतो, ती छोटी गाडी आहे, माणूस पळत सुटला तर तिच्या पुढे जाईल, हे सगळं मला माहीत होतं. पण भोंगा ऐकल्यावर पोटात जे झालं ते थेट ठाकुर्लीचं होतं. मी सायकल वर उपसत होतो आणि ती येत नव्हती, कारण चाक वाकडं धरून मी स्वतःच ते आत पाचरीसारखं घट्ट करत होतो.

"काका, हँडल सरळ करा! सरळ! आता मागे ओढा!"

सरळ केलं. ओढलं. चाक सुटलं, आणि आम्ही दोघं सायकलसकट कडेच्या गवतात जाऊन पडलो. मग वाट बघितली. बरीच. भोंगा दोनदा वाजला, आणि मग कुठे निळं इंजिन वळणातून हळूच आलं. माझ्या हिशेबाने मधे मिनिटभर तरी गेलं असेल, म्हणजे थोडक्यात वाचलो असं म्हणायची सोय नाही. पण ते मिनिट मला आधी कुणी दिलेलं नव्हतं. डब्यातल्या बायका हसल्या, एका काकांनी माझा फोटो काढला, एका पोराने टाटा केलं. मीही केला. डब्यांच्या मधे बसलेल्या ब्रेकवाल्याने सायकलकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे, आणि मान हलवली. वीसात एकच्या चढावर गाडी थांबवणं जेवढं अवघड तेवढंच ती परत हलवणं, हे त्या मानेत होतं.

ओम्नीवाला म्हणाला, "दर सीझनला दोन-चार पडतात. बाईकवाले पण. रूळ आला की सरळ व्हायचं, मग परत काय वाकडं चालायचं ते चाला." त्याने पाण्याची बाटली दिली, सायकल वर नेऊन सोडतो म्हणाला, आणि पैसे सांगितले नाहीत. मी नको म्हटलं. पुढच्या दोन वळणांत त्या नकाराचा मला मनापासून पश्चात्ताप झाला.

जुम्मापट्टीजवळ भाचा एका कठड्यावर केळं खात बसला होता. गुडघा पाहून त्याचं केळं थांबलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने ते वेगाबद्दलचं वाक्य टाकलं.

तिथून वर काय सांगू. अर्धं चढलो, अर्धं ढकललं. ढकलण्यात कमीपणा आहे असं मला वाटत नाही, सायकललाही कधीतरी फिरायला न्यावं. पुढचे दोन-तीन रूळ मी उतरून, चालत, काटकोनात ओलांडले आणि दरवेळी कान देऊन थांबलो. भाचा आधी हसला, तिसऱ्याला तोही उतरला. साडेअकराच्या सुमारास दस्तुरी नाक्यावर पोचलो. पाय थरथरत होते, मिठाचे पांढरे पट्टे टी-शर्टवर उमटले होते, आणि समोर नाका. पुढे बाहेरच्या गाड्या नाहीत. सायकलही नाही. माथेरान म्हणजे लाल माती, घोडे आणि पायी चालणं. एवढं चढून सायकलने आत जाता येत नाही, हे भाच्याला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. लिंबू सरबताचे दोन दोन ग्लास प्यायलो, माकडांपासून चिक्की वाचवली आणि परत फिरलो.

उतार चढापेक्षा वाईट. हाताची बोटं ब्रेकवर आखडून गेली, दर किलोमीटरला थांबून ब्रेकच्या चकत्या गार होऊ दिल्या, त्यांना ठाकुर्लीच्या वाऱ्याचाच वास येत होता. माझी पडलेली जागा आली. उतरलो, चालत गेलो. फटीत माझ्या टायरचा काळा ओरखडा होता. तो लाल तुकडा मात्र गाडीने नेला होता.

घरी आईने गुडघा पाहिला. "कुठे पडलास?"

"रुळावर." मग तिचा चेहरा बघून घाईने म्हणालो, "अगं, माथेरानच्या. छोट्या गाडीच्या."

ती हळदीचा डबा आणायला गेली. आतून म्हणाली, "ठाकुर्लीचं फाटक बंद झालं तेव्हा वाटलं होतं, सुटले एकदाची."