बाटली ओतायच्या आधी कोड बघा

पंपावर टाकी फुल करायला सांगितली की पोरगा हमखास विचारतो, "ताई, इंजेक्टर क्लीनर टाकू का? सगळा कार्बन निघून जाईल." नाही म्हटलं की असं बघतो, जणू मी गाडीला उपाशी ठेवतेय.

मागच्या पावसाळ्यात माझी जुनी पेट्रोल हॅचबॅक सिग्नलला थरथरायला लागली. चढावर पिकअप नाही, वर चेक इंजिनचा पिवळा दिवा. एका सर्व्हिस सेंटरने बॉनेटही न उघडता एस्टिमेटमध्ये 'डीकार्बनायझिंग' लिहून दिलं. मी सरळ सातपूरला आमच्या नेहमीच्या फिटरकडे गेले. त्याने स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचला: पी०३०२. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग, त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. मग त्याने दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल केली, कोड पुसला आणि एक चक्कर मारून आला. आता कोड पी०३०३! बिघाड कॉइलबरोबर शेजारच्या सिलिंडरला गेला होता. कॉइलच्या रबरी बुटाच्या आत केसाएवढी काळी रेघ उठलेली. ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळत होती. ह्याला कुठली बाटली काय करणार?

पण बाटली म्हणजे निव्वळ फसवणूक, असंही नाही. तिच्यात पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए, पुरेसं असेल तर ते इंजेक्टरवरचा आणि ज्वलनकक्षातला थर खरोखर सैल करतं. माझ्यासारख्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं, त्यामुळे तोही धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांत मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, येणारी तेलाची वाफ व्हॉल्व्हवर करपून बसते आणि टाकीत काहीही ओतलं तरी तिथवर पोचत नाही. तो थर काढायचा तर मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्या) खोलून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीचंही तेच, ती स्प्रे आणि फडक्यानेच साफ होते. आणि ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल सफाई करणारं, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. सफाई डिटर्जंट करतं, ऑक्टेनचा संबंध नॉकिंगशी, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणाऱ्या ठोक्यांशी.

मी स्वतः पीईएवाली बाटली ऑइल बदलायच्या थोडं आधी टाकते, कारण सुटलेली घाण थोडीफार ऑइलमध्ये उतरते. शिवाय त्या टाकीवर गाडी हायवेला काढते. कॉलनी ते भाजीबाजार एवढ्याच फेऱ्या मारल्या तर इंजिन नीट तापतही नाही, आणि कार्बन धरायला तेवढं पुरतं.

दादाच्या डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, काजळी आणि तेलाने चिकटलाय. तो येत्या रविवारी खोलायचाय. पठ्ठ्याने दोन बाटल्या आधीच आणून ठेवल्यात. डिझेलच्या आहेत, नाहीतर मीच ढापल्या असत्या.